थाळनेरची नात, बंगालचा सूर

शिरपूरहून आग्नेयेकडे निघालं की शेतांमधून जाणारा रस्ता थाळनेरला पोचतो. गाव तापीच्या उत्तर काठावर आहे. नदीकडे तोंड करून उभे असलेले किल्ल्याचे अवशेष आणि गावातल्या जुन्या घुमटदार कबरी पाहिल्या की ही कधीकाळची राजधानी आहे, हे सांगावं लागत नाही. १३७० साली फिरोजशहा तुघलकाने मलिक राजाला हा मुलूख दिला आणि खानदेशच्या फारुकी घराण्याचं पहिलं ठाणं इथे बसलं. पुढे फारुकींनी असीरगड घेतला, बुऱ्हाणपूर वसवलं आणि थाळनेर मागे पडलं. १८१८ च्या फेब्रुवारीत इंग्रज सेनापती हिस्लॉप याने होळकरांकडून हा किल्ला घेतला, किल्लेदाराला फाशी दिलं आणि शिबंदी कापून काढली. इतिहासाच्या पुस्तकांत थाळनेर येतं ते या दोन प्रसंगांपुरतं.

मी तिथे गेलो होतो ते तिसऱ्या कारणासाठी. हे लता मंगेशकरांचं आजोळ आहे.

थाळनेरचे शेठ हरिदास रामदास लाड हे गुजराती व्यापारी आणि जमीनदार. त्यांची थोरली मुलगी नर्मदा मास्टर दीनानाथांची पहिली पत्नी. ती अल्पवयात गेली, तिची तान्ही मुलगी लतिकाही गेली. मग १९२७ साली दीनानाथांनी नर्मदेची धाकटी बहीण शेवंती हिच्याशी लग्न केलं. शेवंतीची सासरी शुद्धमती झाली आणि पुढे साऱ्या महाराष्ट्राची माई मंगेशकर. २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरला त्यांना पहिली मुलगी झाली. तिचं नाव हेमा ठेवलं होतं, ते पुढे लता झालं.

मंगेशकर म्हटलं की मराठी वाचकाच्या मनात गोव्यातलं मंगेशीचं देऊळ येतं, दीनानाथांची नाटक कंपनी बळवंत संगीत मंडळी येते, सांगलीचं घर, कोल्हापूर, पुणे येतं. आईची बाजू मात्र एका वाक्यात उरकली जाते. खरं तर लताबाईंच्या कानावर पडलेलं पहिलं लोकसंगीत आईच्या बाजूचं होतं. पावागडच्या देवीचे गरबे आणि गुजराती लोकगीतं त्या आजीकडून शिकल्या. वडिलांकडून राग आणि नाट्यपद, आजीकडून गरबा. म्हणजे गाणं एकाच भाषेत असतं अशी या मुलीची समजूत लहानपणी होणं शक्यच नव्हतं. खानदेशात जन्मलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. शिरपूरच्या बाजारात आजही अहिराणी, मराठी, गुजराती आणि सातपुड्यातून उतरलेली पावरी अशा भाषा एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून चालतात. इथला माणूस समोरच्याचं तोंड पाहून भाषा बदलतो आणि आपण काही विशेष केलं असं त्याला वाटत नाही.

मला सांगायचं आहे ते इथूनच सुरू होतं. लताबाईंनी बंगालीत सुमारे १८५ गाणी गायली असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. आपल्याकडच्या चरित्रात्मक लेखांत याची नोंद 'आणि इतर अनेक भाषांतही' एवढीच होते. त्या चार शब्दांत एक अख्खी कारकीर्द दडपली गेली आहे. मराठी घरातली, आजोळाने गुजराती, खानदेशी मातीशी नातं असलेली एक बाई बंगाली पार्श्वगायिका झाली आणि कोलकात्याच्या माणसाने तिला आपली मानलं. हे कसं झालं, ते नीट सांगितलं गेलं पाहिजे.

बंगाल या घरात आला तो कुंदनलाल सैगल यांच्या आवाजातून. सिनेमाच्या गाण्यांना दीनानाथांच्या घरात फारसा थारा नव्हता, सैगल तेवढे चालत. सैगल कोलकात्याच्या न्यू थिएटर्सचे. लहानग्या लताने त्यांचा 'चंडीदास' पाहिला होता आणि मोठी झाल्यावर मी यांच्याशीच लग्न करणार असं घरात सांगून टाकलं होतं. सैगल मुळात पंजाबी, पण बंगाली शिकून रवींद्रसंगीत गायले. खुद्द रवींद्रनाथांनी आपली गाणी गाण्याची परवानगी दिलेले ते पहिले बंगालेतर गायक मानले जातात. परक्या भाषेत जाऊन तिथलं घर मिळवता येतं, याचा धडा लताबाईंना त्यांच्या पहिल्या दैवताकडूनच मिळालेला होता.

२४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात दीनानाथ गेले. लता तेरा वर्षांचीही नव्हती. मास्टर विनायकांच्या कंपनीतली कामं, १९४५ मधलं मुंबईत येणं, १९४७ साली विनायकांचाही मृत्यू, हा भाग प्रत्येक मराठी वाचकाला पाठ आहे, तो पुन्हा सांगत नाही. मुंबईच्या चित्रसृष्टीत त्या वेळी बंगाली माणसांचं केवढं वजन होतं, हे मात्र इथे लक्षात घ्यावं लागतं. बॉम्बे टॉकीज उभं केलं हिमांशू राय यांनी. त्यातून बाहेर पडून फिल्मिस्तान काढणाऱ्यांत शशधर मुखर्जी होते. १९४८ च्या 'शहीद'साठी संगीतकार गुलाम हैदर या कोवळ्या मुलीला घेऊन मुखर्जींकडे गेले, तेव्हा आवाज फार बारीक आहे म्हणून मुखर्जींनी नकार दिला. चारच वर्षांनी, १९५२ साली, त्याच फिल्मिस्तानच्या 'आनंदमठ'मध्ये बंकिमचंद्रांचं वंदे मातरम् लताबाईंच्या आवाजात ध्वनिमुद्रित झालं. दिग्दर्शक हेमेन गुप्ता आणि संगीतकार हेमंतकुमार, दोघेही बंगाली.

त्याआधी एका बंगाली माणसाने या आवाजावर मन लावून मेहनत घेतली होती. अनिल विश्वास हे बारिसालचे, म्हणजे आजच्या बांगलादेशातले. श्वास कुठे घ्यायचा, तो ऐकणाऱ्याला कळू न देता कसा घ्यायचा, मायक्रोफोनपासून केव्हा मागे सरायचं आणि केव्हा जवळ यायचं, हे त्यांनी शिकवलं आणि लताबाई ते आयुष्यभर कृतज्ञतेने सांगत राहिल्या. नाट्यसंगीताच्या घराण्यात आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकायचा असतो. पार्श्वगायनात तो समोरच्या यंत्राच्या कानात सांगायचा असतो. हा बदल ज्याने घडवला त्याचं ऋण मोठंच. १९५१ च्या 'तराना'त अनिलदांनी लताबाईंबरोबर कोलकात्याहून आलेल्या एका तरुण मुलीला गायला लावलं, ती संध्या मुखर्जी. दोघींची मैत्री जमली. संध्याबाई मुंबईत रमल्या नाहीत, कोलकात्याला परतल्या आणि बंगाली पडद्याचा आवाज झाल्या.

इथे थोडं थांबून न्याय्य बोललं पाहिजे, नाहीतर मराठी अभिमानाच्या भरात चित्र तिरकं होईल. बंगाली सिनेमाच्या सुवर्णकाळात नायिकेचा आवाज म्हणजे संध्या मुखर्जी. सुचित्रा सेनच्या ओठांवर बंगाली प्रेक्षकाला तोच आवाज हवा असे. 'हारानो सुर'साठी १९५७ साली हेमंतकुमारांनी गीता दत्त यांच्याकडून एक गाणं गाऊन घेतलं आणि ते अमर झालं. गीताबाई तर फरीदपूरच्या, बंगालीच. पुढे आरती मुखर्जी आल्या. लताबाई मुंबईत राहत होत्या, बंगाली चित्रपट कोलकात्यात बनत होते. म्हणून संख्येच्या हिशेबात त्या बंगाली सिनेमाच्या राणी कधीच नव्हत्या. त्यांचं खरं साम्राज्य वसलं ते सिनेमाबाहेर, पूजेच्या गाण्यांत.

दिवाळी अंकाच्या वाचकाला हे लगेच समजेल. आपल्याकडे दिवाळीला अंक निघतात तसे बंगालमध्ये दुर्गापूजेला शारदीय अंक निघतात, आणि त्यांच्या जोडीने त्या वर्षीच्या नव्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकाही येत. ही सिनेमाची गाणी नसत. कवी, संगीतकार आणि गायक यांनी पूजेसाठी म्हणून मुद्दाम केलेली नवी 'आधुनिक' गाणी. एच.एम.व्ही. 'शारद अर्घ्य' नावाची पुस्तिका काढी, त्यात गाण्यांचे शब्द आणि कलावंतांचे फोटो असत. लोक ती जपून ठेवत. पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढणारे 'मनोरंजन'चे संपादक का. र. मित्र मूळचे आजगावकर. बंगाली साहित्याच्या ओढीने त्यांनी ते आडनाव धारण केलं होतं. मराठी दिवाळी अंकाच्या जन्माशी बंगाल असा पहिल्यापासून जोडलेला आहे.

पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात लताबाई या पूजेच्या गाण्यांत उतरल्या. हेमंतकुमारांनी चाली दिल्या, भूपेन हजारिकांनी दिल्या, आणि सर्वांत मोलाच्या दिल्या त्या सलील चौधुरी यांनी. सलीलदा स्वतः कवी. इप्टाच्या, म्हणजे भारतीय जननाट्य संघाच्या चळवळीतून आलेले. मोझार्ट आणि आसामच्या चहामळ्यांतली लोकगीतं दोन्ही त्यांच्या कानात मुरलेली. त्यांची चाल सरळ चालत नाही. ती अनपेक्षित जागी उडी घेते, मागे वाद्यवृंद स्वतंत्र काही बोलत असतो आणि गायकाला दोन्ही सांभाळून भाव टिकवायचा असतो. 'मधुमती'च्या वेळी, १९५८ साली, बिमल रॉय यांचं दिग्दर्शन, ऋत्विक घटक यांची कथा आणि सलीलदांचं संगीत असा सगळा बंगाली मेळ जमला होता. त्यातल्या गाण्याने लताबाईंना पहिलं फिल्मफेअर मिळवून दिलं.

आपण ज्यांना खास हिंदी म्हणून ओळखतो अशी सलीलदांची काही गाणी बंगालीत आधी जन्मली. 'परख'मधलं पावसाचं गाणं आणि 'माया'मधली उडत्या पाखराला उद्देशून असलेली, लताबाईंनी गायलेली रचना, या दोन्ही चाली बंगाली पूजेच्या गाण्यांतून आल्या. बंगाली शब्द सलीलदांचे स्वतःचे. हिंदीत पहिल्याला शैलेंद्रनी आणि दुसऱ्याला मजरूहनी शब्द दिले, तेही उत्तमच. तरी दोन्ही रूपं पाठोपाठ ऐकावीत. मला बंगाली रूप अधिक पूर्ण वाटतं. तिथे चाल आणि शब्द एकाच माणसाच्या मनात एकाच वेळी सुचलेले आहेत, त्यामुळे स्वर जिथे वळतो तिथेच वाक्यही वळतं. आणि गाणारी बाई ती वळणं परकी असल्यासारखी घेत नाही.

ते सोपं नव्हतं. मराठी जिभेला बंगाली उच्चार फसवतात. लिपीत 'अ' असतो, तोंडातून 'ऑ' आणि कधी 'ओ' यावा लागतो. 'व' चा 'ब' होतो, 'य' चा शब्दारंभी 'ज' होतो, 'श' आणि 'स' यांच्यातलं अंतर जवळजवळ पुसलं जातं, ऱ्हस्व-दीर्घ इकार आपल्यासारखे पाळले जात नाहीत. लांबवलेल्या स्वरावर गाणं उभं असतं, आणि तो स्वर जरा सपाट झाला की बंगाली श्रोत्याला परकेपणा तिथल्या तिथे कळतो. दिलीपकुमारांनी मराठी उच्चारांबद्दल टोकल्यावर लताबाईंनी उर्दू शिकायला शिक्षक ठेवला, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. बंगालीसाठीही त्यांनी तसेच कष्ट घेतले, ती भाषा वाचायलाही शिकल्या. गाण्याचे शब्द स्वतःच्या हाताने उतरवून घ्यायची त्यांची सवय होती. ऐकून पाठ केलेलं आणि समजून गायलेलं यातला फरक त्यांच्या बंगाली गाण्यांत स्पष्ट कळतो.

सलीलदांनी 'सात भाई चंपा' ही जुनी लोककथा घेऊन त्यांच्यासाठी गाणं केलं. चाफ्याची फुलं झालेले सात भाऊ आणि त्यांना हाक मारणारी बहीण पारुल, ही कथा बंगाली मुलं आजीच्या मांडीवर ऐकतात. दक्षिणारंजन मित्र मजुमदारांनी १९०७ साली 'ठाकुरमार झुली' या पुस्तकात ती छापली. 'ठाकुरमा' म्हणजे आजी. थाळनेरच्या आजीकडून गरबे शिकलेली नात बंगालच्या आजीची गोष्ट गात होती, आणि त्या आवाजात कुठेही पाहुणेपणा नव्हता.

चित्रपटांतलंही काही मोलाचं आहे. १९६६ हे वर्ष त्या दृष्टीने फार भरलेलं. 'शंखबेला'त सुधीन दासगुप्तांच्या चालीवर मन्ना डे यांच्याबरोबरचं युगुलगीत आहे, ते आजही बंगाली लग्नघरांतून ऐकू येतं. सौमित्र चटर्जींच्या 'मणिहार'मध्ये हेमंतकुमारांच्या चाली आहेत. 'सुभाषचंद्र' या चित्रपटात अपरेश लाहिरींच्या संगीतात खुदिराम बोस यांच्या फाशीवरचं लोकगीत आहे, आईचा निरोप घेणाऱ्या मुलाचं. या गाण्याने बंगालमधली माणसं अजून रडतात.

मराठी माणसाला या शेवटच्या गाण्यापाशी जास्त वेळ थांबावंसं वाटलं पाहिजे. मुझफ्फरपूरच्या बाँबहल्ल्यासाठी खुदिराम ११ ऑगस्ट १९०८ रोजी तिथेच फासावर गेले, वय अठरा. त्या बाँबप्रकरणावर 'केसरी'त लिहिलेल्या अग्रलेखांसाठी टिळकांना २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेला झाली. एका बंगाली मुलाच्या बाँबची झळ पुण्यापर्यंत आली होती. दीनानाथांच्या मंडळीसाठी सावरकरांनी १९३१ साली 'संन्यस्त खड्ग' लिहिलं. क्रांतिकारकांचं नाव घेणं या घरात नवं नव्हतं. म्हणून खुदिरामचं गाणं लताबाईंच्या कंठातून येतं तेव्हा त्यात कुठे नाटकीपणा नाही, हुंदका नाही. साध्या खेडवळ चालीत मुलगा आईला सांगतो आहे, बस. इतक्या मोठ्या गायिकेने इतकं कमी गाणं ही फार अवघड गोष्ट आहे.

१९७१ साली तरुण मजुमदारांच्या 'कुहेली'त हेमंतकुमारांनी आपल्याबरोबर त्यांना रवींद्रसंगीत गायला लावलं. रवींद्रसंगीताबद्दल बंगाली समाज अत्यंत हळवा असतो, तिथे मुरकी जागची हलली तरी तक्रार होते. या युगुलगीताला त्या समाजाने मानाने जवळ केलं. हेमंतदांनी हे ऋण उलट दिशेनेही फेडलं. शांता शेळके यांच्या शब्दांचं, हृदयनाथांच्या चालीचं कोळीगीत त्यांनी लताबाईंबरोबर मराठीत गायलं, आणि आज महाराष्ट्रात एकही कोळीनृत्य त्याच्याशिवाय पार पडत नाही. त्यांचे उच्चार ऐकणाऱ्याला पटले, यातच सगळं आलं.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. किशोरकुमारांच्या पूजेच्या गाण्यांना लताबाईंनी चाली दिल्या, आणि किशोरकुमारांनी लताबाईंच्या बंगाली गाण्यांना. शब्द मुकुल दत्त यांचे. 'आनंदघन' या नावाने मराठी चित्रपटांना संगीत देणाऱ्या लताबाई आपल्याला माहीत आहेत. बंगाली आधुनिक गाण्याच्या संगीतकार म्हणून मात्र आपण त्यांना कधी मोजलंच नाही. मोजायला हवं, कारण त्यांनी चाल दिलेली ती गाणी किशोरकुमारांच्या उत्तम बंगाली गाण्यांत बसतात.

शिरपूर आणि बंगाल यांची गाठ आणखी एका ठिकाणी पडते. शिरपूरचे शिवाजीराव पाटील, स्वातंत्र्यसैनिक आणि सहकारातले कार्यकर्ते. त्यांची मुलगी स्मिता. मृणाल सेन यांनी १९८० साली 'आकालेर संधाने' केला, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर चित्रपट काढायला खेड्यात आलेल्या मंडळींची गोष्ट. त्यात स्मिता पाटील यांनी स्मिता नावाच्याच अभिनेत्रीची भूमिका केली. संगीत सलील चौधुरींचं. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि १९८१ साली बर्लिनला रौप्य अस्वल. हेमंतकुमारांनी निर्माता म्हणून काढलेला पहिला बंगाली चित्रपट 'नील आकाशेर नीचे' (१९५९) याच मृणाल सेनांचा. माणसं तीच, वाटाही त्याच.

मराठी पडद्यावर तर हे दोन धागे थेट एकत्र आले. जब्बार पटेलांच्या 'जैत रे जैत'मध्ये (१९७७) ना. धों. महानोरांच्या शब्दांवर नाचणारी ठाकरवाडीतली चिंधी म्हणजे स्मिता पाटील, आणि एका गाण्यात तिचा आवाज लता मंगेशकर. पुन्हा १९८२ च्या 'उंबरठा'त सुरेश भटांची गझल. चेहरा शिरपूरच्या लेकीचा, आवाज थाळनेरच्या नातीचा. एकाच तालुक्याला इतकं मिळालेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

६ फेब्रुवारी २०२२ रोजी लताबाई गेल्या. नवव्या दिवशी, १५ फेब्रुवारीला, कोलकात्यात संध्या मुखर्जी गेल्या. त्याच दिवशी मुंबईत बप्पी लाहिरी यांचंही निधन झालं, खुदिरामच्या गाण्याचे संगीतकार अपरेश लाहिरी यांचा हा मुलगा. बंगाली माणसाला त्या पंधरवड्यात आपल्या घरातली माणसं एकामागोमाग गेल्यासारखं वाटलं आणि त्या यादीत पहिलं नाव लताबाईंचं होतं.

लता मंगेशकर ही बंगालीतली पाहुणी कलावंत होती, हे मत मला मान्य नाही. 'परख'च्या चालीचं बंगाली मूळ, 'सात भाई चंपा', खुदिरामचं गाणं आणि 'कुहेली'तलं रवींद्रसंगीत, एवढी चारच ध्वनिमुद्रणं शिल्लक राहिली असती तरी बंगाली गाण्याच्या इतिहासात त्यांना स्वतंत्र प्रकरण द्यावं लागलं असतं. वाचकांनी या दिवाळीत ही चार गाणी ऐकावीत. अर्थ न कळताही आधी एकदा ऐकावीत, मग कुणा बंगाली शेजाऱ्याला अर्थ विचारून पुन्हा ऐकावीत.

आणि शिरपूर, थाळनेर, चोपडा, दोंडाईचा भागातल्या वाचकांना एक विनंती आहे. लाड घराण्याबद्दल, बळवंत मंडळीच्या खानदेशातल्या खेळांबद्दल काही कागद, जाहिरातपत्रकं, फोटो घरात असतील तर ते रद्दीत जाऊ देऊ नका, जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्यांची प्रत ठेवा. तापीकाठच्या ज्या घरांत अजून पावागडच्या गरब्यांची जुनी गाणी म्हणणाऱ्या आज्या आहेत, त्यांचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा आणि शब्द लिहून घ्या. हे काम या नवरात्रात राहून गेलं असेल तर पुढच्या नवरात्राची वाट पाहू नका.